दोन्ही हात

पहाटे पावणेपाच. उणे नऊ.
हँडल फिरवत मी तलावावरचं निळं आच्छादन गुंडाळतो
आणि रात्रभर कोंडलेली वाफ एकदम सुटते.
खाली गरम पाणी, वर बर्फाळ हवा,
मधलं काहीच दिसत नाही.
पलीकडे तिसा नदी काठाकाठानं गोठली आहे.
आमचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं,
त्याला थंडी कळत नाही.
मला कळते. गुडघ्यात.

बोरोका नऊ दिवस आलेली नाही.
ग्यॉरला, अंतिम फेरीत, दोनशे मीटर बटरफ्लाय,
अकरा शतांश सेकंदांनी चौथी.
एवढ्यात पापणीसुद्धा पुरती मिटत नाही.
'नखं वाढवायला हवी होती,' ती बसमध्ये म्हणाली,
मी हसलो,
आणि मग घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

चाळीस वर्षं मी पोरांना
बोलून बोलून पाण्यात ढकलत आलो.
कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर माझंच वाक्य आहे:
थांबू नका.
ओलीनं त्यातलं 'नका' खाल्लं.
आता नुसतंच 'थांबू'.
कुणी दुरुस्त करत नाही. मीही नाही.

आठव्या दिवशी तिच्या आईच्या बेकरीत गेलो,
भाषण पाठ करून.
आतल्या खोलीत तिची पाठ दिसली, पिठात कोपरापर्यंत.
खसखशीचा रोल घेतला, सुटे पैसे मोजले,
बाहेर आलो.
खरं सांगायचं तर
मी हात टेकले होते.

आज हँडलच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे.
लोकरी टोपी, पायात बापाचे बूट.
नमस्कार नाही, काही नाही.
आच्छादन अर्ध्या वेळात गुंडाळून होतं.
गेली तीन वर्षं ही पोरगी मला पाण्यात पाहते,
मी तिला पाण्यातच पाहतो,
आमचं बरं चाललं होतं.

'वेळ लावा,' ती म्हणते, आणि उडी.

नंतर फक्त आवाज.
वाफेच्या आत कुठेतरी दोन हात एकदम पडतात,
श्वास,
पुन्हा पडतात.
लांब जातात, भिंतीला लागतात, परत येतात.
शेवटचे पन्नास मीटर आले म्हणून घड्याळाकडे बघितलं
तर घड्याळ मेलेलं.
सेल गेला. थंडीनं.

'किती?'
दोरीला लटकून, खांद्यांतून धूर निघत असलेली ती.

मला कुठलाही आकडा सांगता आला असता.
ग्यॉरपेक्षा अकरा शतांश कमी,
हवं तर बारा.
मोठमोठी भाषणं करून जे होत नाही
ते एका खोट्या आकड्यानं झालं असतं.
जिभेवर आला होता.

'बंद पडलं,' मी म्हणालो.

ती पाण्याची चूळ थुंकली.
'एकवीस. बावीस. बावीस. तेवीस.'

'काय?'

'हात. एकेका फेरीचे.
ग्यॉरला शेवटी सत्तावीस झाले होते.
त्यातले चार मी नुसतीच पाण्याशी भांडले.'

मी विचारलं नव्हतं, तरी तिनं सांगितलं:
'नऊ दिवस पीठ मळलं.
आई म्हणते, दाबू नकोस, ढकल.
मळताना कळतं
जोर कुठे फुकट जातो.'

यावर म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.
'दुपारी सेल आणतो,' एवढंच म्हणालो.

'आणा. पण आता एकदा परत.'

'दमली आहेस.'

ती वाफेत गेलीसुद्धा.

मी टोपी कानांवरून वर केली
आणि डोळे मिटून मोजायला लागलो,
आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाशिवाय.
एकवीस. बावीस. तेविसावा जरा ओढलेला.
शेवटच्या फेरीत तेवीस झाले, भिंत आली नाही,
कान गारठलेले,
आणखी एक,
आणि मग तो आवाज,
लहानसा, ओला,
दोन्ही हात एकदम टेकल्याचा.

चोवीस.
तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
तिला माहीत होतं.