प्रकरण तिसरे: नाशवंत माल

पुस्तकाचं नावच अडलंय चार महिने.
'महसूल व्यवस्थापन' लिहिलं की समोर येतो तलाठी,
त्याचं दप्तर, त्याचा चष्मा,
आणि चपला बाहेर काढून उभे असलेले बाबा.
'उत्पन्न' म्हणावं तर लोक दाखला मागतात.
'आवक' म्हटलं की वाशीला लागलेले कांद्याचे ट्रक.
'जमा' तर मी वर्गात बावीस वर्षं म्हणतोय,
नावे डावीकडे, जमा उजवीकडे,
आणि मागच्या बाकावरून येतोच प्रश्न,
सर, हे परीक्षेला आहे का?

नेरुळ, तिसरा मजला. टेबलावर
तपासायच्या एकशे चाळीस उत्तरपत्रिका,
त्यांच्या खाली दबलेलं हस्तलिखित.
तिसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य मला फार आवडायचं:
'विमान उडालं, की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य.'
मग हॉटेलातली न विकलेली रात्र,
पडदा वर गेल्यानंतरची नाट्यगृहाची मागली रांग,
सगळ्यांच्या पुढे तेच शून्य,
गोल, स्वच्छ, खतावणीत मांडायला सोपं.

संपादक म्हणाले, आपल्याकडचं एखादं उदाहरण घाला हो.

म्हणून रविवारी दिवाळ्याला गेलो, धर्मी आत्याकडे.
बाजारात तिच्या मागे उलट्या टोपलीवर बसलो, वही घेऊन.
बोटात गाडीची चावी फिरत असेल, तर पापलेट आठशे.
घडी केलेली पिशवी काखेत असेल, तर साडेपाचशे.
दोन मोठी तिनं बर्फाखाली, गोणपाटात दडवलेली.
कोणी कितीही मागो, नाहीतच म्हणायची.
साडेअकराला एक जण उतरला, भाव न विचारता घेऊन गेला.
हे समजवायला मी अकरा पानं
आणि एक आलेख खर्च केलाय.

एकनंतर भाव उतरत गेला,
पायरी पायरीनं, ओहोटीसारखा नाही,
ओहोटीला वेळापत्रक असतं.
मी पेन सरसावून विचारलं,
आत्या, आणि उरलं की?
शून्य लिहायला जागा मोकळी ठेवली होती.

ती म्हणाली, "उरलं तं सुकवतंय."
मान वर न करता.
"पावसात होऱ्या बंद. तवा इकतंय. दुपटीनं."

दोरीवर बोंबील होते, जबड्यात जबडा अडकवलेले,
गेल्या मंगळवारचे न खपलेले.
माझ्या मॉडेलमध्ये त्यांना रकाना नव्हता.

मीठ कुठलं आणतेस, विचारायला नको होतं.
"तुज्या बापसाच्या आगराचं नय आता," म्हणाली.
आगरावर आता एक सेक्टर आहे,
त्याच्या तळघरात गाड्या.
त्या व्यवहारात भाव एकच होता, गिऱ्हाईक एकच,
आणि भाव ठरवणारंही तेच.
यावर प्रकरण नाही माझ्या पुस्तकात.
तळटीप लिहिली होती सहा ओळींची,
ती 'विषयांतर' म्हणून मीच खोडली,
मग पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली,
कागद तिथं पातळ झालाय.

निघताना तिनं विचारलं, पुस्तक केवढ्याचं?
चारशे पंच्याण्णव, म्हटलं.
"आनि उरली तं?"

खरं तर प्रकाशकांनी सांगून ठेवलंय,
पाचशे छापू, तीनशे जातील,
बाकीची गोदामात.
गोदाम भिवंडीला, ओल येते म्हणतात.
हे मी तिला सांगितलं नाही.
ती हसलीही नाही, मूठभर सुकी मांदेली घेतली,
गुंडाळायला हाताला लागला तो कागद ओढला,
पान एकसष्ट.

रात्री पहिलं वाक्य काढलं.
त्याच्या जागी अजून काही सुचलेलं नाही.
पान एकसष्ट पुसून, वाळवून, तसंच पाठवलं.

काल फोन आला संपादकांचा,
सर, या पानाला कसला तरी वास येतोय.
म्हटलं, येऊ दे.
आणि नावाचं काय ठरलं?
म्हटलं, ते अजून आठवडाभर ठेवा
बर्फाखाली.