परिशिष्ट ड

स्लीपर मोजायला मला पाठवलं.
लेखापरीक्षणात हे काम कोणी मागून घेत नाही,
पण रेगेसाहेबांची पाठ धरली होती,
आणि परिशिष्ट ड मध्ये स्वच्छ लिहिलं होतं:
काँक्रीटचे स्लीपर, नग सात हजार चारशे सत्तर.

वडाळ्याच्या पुढे मिठागरांच्या कडेने
माहुलच्या टाक्यांकडे वळणारा तो फाटा.
जमीन बंदराची. भराव सरकारी.
रुळांच्या किमतीत रुपयामागे चाळीस पैसे आपले,
व्यवहार्यतेतली तफावत भरून काढायला.
रूळ मात्र कंपनीचे.
तीस वर्षांनी तेही आपले होतील
असं कलम सतरा म्हणतं,
'वाजवी झीज वगळून'.

फाटकावर इस्माईल परकार, पॉइंट्समन.
बंदराच्या जुन्या रेल्वेतून उरलेला,
आता कंपनीच्या पिवळ्या जाकिटात,
कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे.
"तुम्ही मोजा," म्हणाला, "मी मागून खडू घेऊन येतो.
दर शंभराला एक रेघ."

नऊशेच्या आसपास रुळांमध्ये
कोणीतरी जवळा वाळत घातलेला, जुन्या साडीवर.
जवळ्याला दोन उन्हं लागतात.
"गाडी आली तर?"
"अजून तरी उचलावा लागला नाही."

महिन्याला बावीस गाड्यांची हमी आहे.
कमी आल्या तर न आलेल्या गाड्यांचं भाडं
आपण भरायचं, तिमाहीच्या सात तारखेच्या आत.
गेल्या महिन्यात तीन आल्या.
परकारच्या केबिनमधली वही मी चाळली:
तारीख, वेळ, आणि पुढे निरंक,
निरंक, निरंक,
इतक्या वळणदार अक्षरात
की पान उलटताना हात जपून लागतो.
आयजीच्या जिवावर बायजी उदार
असं टिपणीत लिहिता येत नाही.
आम्ही त्याला जोखमीची विभागणी म्हणतो.

"आणि तुमचा पगार?"
"दोन महिने निरंक," तो म्हणाला,
आणि खडूचं टोक जाकिटाला पुसलं.

सहा हजार शंभर आणि काहीतरी...
तेवढ्यात गाडी आली.

आधी रूळ बोलले, मग हॉर्न.
परकार धावला नाही, फक्त मला दंडाला धरून
चिखलाच्या बाजूला नेलं.
पंचेचाळीस डबे, प्रत्येकावर कंटेनर,
निळा, विटकरी, निळा, गंजका,
एकेक जाताना मिठागरातलं पाणी थरथरून
पुन्हा सपाट होत होतं.
खरं सांगते, छान वाटलं.
एवढे ट्रक आज चेंबूरच्या नाक्यावर नाहीत,
कुठल्यातरी पोराला शाळेसमोरचा रस्ता ओलांडता येईल,
हे त्या दोनशे बारा पानांत कुठेतरी आहे,
उद्दिष्टे, पान दोन.

आकडा मात्र डोक्यातून गेला.
खडूची रेघ शोधत मागे आलो. एकसष्टावी.
तिथून पुन्हा एक.

शेवटी भरले सात हजार चारशे अठ्ठावन्न.
बफर बारा स्लीपर अलीकडेच ठोकलेला.
"बारा कुठे?"
परकारने हनुवटीने दाखवलं.

नाल्यावर, वस्तीच्या तोंडाशी,
दोन-दोन जोडून आडवे टाकलेले बारा.
एकेकाला आठ माणसं लागली असतील
आणि एक संबंध रात्र.
त्यावरून एक बाई हंडा घेऊन आली,
मागे शेळी, शेळीमागे
दप्तर डोक्यावर धरलेला मुलगा.

बाराचे चाळीस टक्के, मी मनात मांडलं,
चार पूर्णांक आठ दशांश.
पाचव्या स्लीपरच्या जरा अलीकडे
मी थांबून बघितलं, पाय कुणाच्या मालकीवर आहे ते.
खाली पाणी काळं होतं, दिसलं काहीच नाही.

तेवढ्यात परकारने खडू पुढे केला.
"बाई, इथे रेघ मारायची का?"

मी टिपणीचा कागद गुडघ्यावर घेतला,
बाराच्या पुढे
बराच वेळ पेन धरून बसले,
आणि लिहिलं:
वाजवी झीज.