वाजवून घेताना

बर्फाच्या वादळात तारा तुटल्या तेव्हा
नऊ दिवस बोअरचा पंप मुका.
दोनशे गायी कोरड्या हौदाभोवती उभ्या
आणि मी कुऱ्हाडीने तळ्याचं कवच फोडतेय.
त्यातच उत्तरेचं फाटक बिजागरीतून निखळलं.
म्हणजे मला वीज हवी होती, आणि ठिणगीही,
आणि बँकेत सतराशे डॉलर.
सतराशेत दोन यंत्रं येत नाहीत.

एन्सवर्थच्या दुकानात नवं कोरं होतं,
स्टिकरसुद्धा न सोललेलं.
पोरगा म्हणाला, नऊ हजार वॉट.
मी विचारलं, सतत, की क्षणभर?
तो पत्रक उलटंपालटं करू लागला.
क्षणभराच्या वॉटवर पंप सुरू होतो,
चालत राहतो तो सततच्या वॉटवर.
आईनं हेच मला लग्नाबद्दल सांगितलं होतं,
शब्द वेगळे होते.
किंमत चार हजार आठशे.
मी तिथली फुकटची कॉफी पिऊन निघाले.

दुसरं स्वस्त, हलकं, खोक्यातलं.
दहातली दोन मिनिटं जोडायचं,
आठ मिनिटं त्याला निवू द्यायचं.
वासरू कुंपणाबाहेर आणि वारा अंगावर,
ती आठ मिनिटं मी कुठे ठेवू?

तिसरं लुमीर क्राटोखविलच्या शेडमध्ये,
ताडपत्रीखाली, उंदरांच्या वासात.
तीस वर्षं पाइपलाइनवर हिंडलेला माणूस,
आणि त्याच्यासोबत हिंडलेलं यंत्र.
मीटरवर अकराशे चाळीस तास.
"मीटर एकदा बदललाय," तो आपणहून म्हणाला.
"आकडे नको बघूस. वाजवून घे."

चोक ओढला. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं.
त्यानं मुद्दाम मोठा ग्राइंडर जोडून दिला,
इंजिन गुडघ्यात वाकलं, सावरलं,
आणि मग एका सुरात चालू लागलं.
रॉड त्यानं माझ्या हातात दिला.
स्वतःचे हात खिशात घातले.
खिशातही ते थरथरत होते.

मुखवटा खाली. पहिला रॉड चिकटला.
दुसऱ्यांदा काळोखात ते लहानसं तळं उघडलं,
कडेनं उजळ, मधे वितळतं.
लुमीर बघत नव्हता.
पाठ करून उभा, डोळे मिटलेले.
"लांब गेलीस," म्हणाला.
"अजून लांब. आता जवळ. थोडी आणखी.
हं. ही तळणी."
आणि खरंच, कढईत तेल नीट तापल्यावर येतो
तसा एकसंध आवाज शेडभर.

त्यानं दोन हजार सांगितले.
मी म्हटलं सतराशे, आणि तेवढेच आहेत.
तो बराच वेळ ट्रेलरच्या टायरची हवा बघत राहिला.
"केबल शंभर फूट आहे," म्हणाला,
"तांब्याचे वेगळे घेतले असते."
याचा अर्थ हो, हे मला
गाडीला ट्रेलर जोडून झाल्यावर कळलं.
मुखवटा मात्र त्यानं ठेवून घेतला,
आतून घामानं काळा पडलेला, खिळ्याला टांगलेला.

मार्चमध्ये वीज पुन्हा गेली.
आधी पंपाची पाळी, हौद काठोकाठ भरले.
मग आईचा फ्रीझर, अर्ध्या गाईसकट.
मग सगळं बंद करून
फक्त स्वयंपाकघरातला एक दिवा
आणि मी फाटकापाशी.
रॉड टेकला की दिवा मंदावतो,
उचलला की उजळतो.
आई म्हणते, खिडकीतून डोकवायची गरजच नाही,
तू कुठवर आलीस ते भिंतीवर दिसतं.

त्या रात्री मी लुमीरला फोन लावला.
काही बोलले नाही. फोन खांबाच्या खाचेत ठेवला,
मुखवटा खाली केला.
अर्धा रॉड जळेपर्यंत पलीकडे नुसता श्वास.
मग म्हणाला,
"पाच अँपिअर उतरव. फाटक आहे ते, जहाज नाही."
आणि ठेवून दिला.

मी उतरवले.