आधी खटका

मे महिन्यातली सकाळ, नऊ वाजून सात.
होटगी रोडच्या विमानतळावर
धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जायचं
आणि मागावरचा धोटा कडेला टेकून परततो
तसं वळायचं.
कॅप्टन लोबोंच्या हातात नाकाचं चाक,
माझ्या हातात यादी,
मागे एकोणसाठ माणसं.

वळणाच्या जरा अलीकडे
माझ्या गुडघ्यापाशी, पेडलच्या फटीतून
काहीतरी वर आलं.
पांढरं, सैल, कसलीच घाई नसलेलं.

लोबो म्हणाले, एसीची वाफ असेल,
गोव्यात रोज येते.
ते खोटं नव्हतं. गोव्यात येते.
पण इथे सकाळीच अडतीस,
आणि वाफ धरायला पाणी आणायचं कुठून
ज्या गावात नळ पाच दिवसांनी येतो?

शिवाय वास.
तो मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नव्हता.
अशोक चौकामागे आमची एक खोली,
चार माग, चार मोटारी,
रात्रभर खटाखट,
आणि आम्ही त्या आवाजावर झोपणारी पोरं.
आवाज थांबला की जाग यायची.
वाइंडिंगचं वार्निश तापलं
की गोडसर, घशाला चिकटणारा एक वास सुटतो.
तो आला की नाना हातातला दोरा तसाच टाकून
आधी भिंतीवरचा खटका पाडायचे.
मग बॅटरी. मग शिव्या.
मग कुठली मोटार ते.
"आधी बघू तरी काय झालंय"
असं एकदा भाऊ म्हणाला होता.
त्याला बसलेली चापट
मला अजून आठवते.

"धूर आहे," मी म्हणाले.
लोबोंनी माझ्याकडे पाहिलंही नाही,
ब्रेक लावला.

मास्क. गालावर रबर. शंभर टक्के.
वर चष्मा.
मग आपलाच श्वास कानात,
शेजारी कुणी म्हातारं माणूस झोपल्यासारखा.
"ऐकू येतंय?"
"येतंय. माझं?"
हे एकदा विचारायचं असतं.
आम्ही तीनदा विचारलं.

टॉवरला सांगितलं, थांबलोय, धूर आहे, गाडी पाठवा.
त्याने नियमाप्रमाणे उत्तर दिलं,
आणि मग नियमात नसलेलं:
"सांभाळून, मॅडम."

पंखा बंद केला. इंजिनं बंद केली.
यानंतरचं काम सगळ्यात लांब:
पाती थांबायची वाट पाहणं.
तोवर दार उघडायचं नाही.
सहा पाती, आधी नुसतं वर्तुळ,
मग वर्तुळाची सावली,
मग मोजता येतील अशी,
मग एक, एक,
एक.

मागून रेहानाचा आवाज,
सामान सोडा, सामान सोडा.
सगळ्यांनी सोडलं.
एका काकांनी चादरींचं गाठोडं तेवढं सोडलं नाही.

वाळक्या गवतावर माणसं उभी होती,
मोबाईल वर धरून.
तिथून एक रिकामं आकाश दिसतं.
विमानांच्या वाटेत येते म्हणून
साखर कारखान्याची चिमणी पाडली, ती जागा.
तेव्हा मी ट्रेनिंगला होते,
मोबाईलवरच पाहिली पडताना.
एवढा उंच धूर आमच्यासाठी खाली आणला,
आणि तो असा
पायापाशी येऊन बसला.

संध्याकाळी घरी गेले.
चष्म्याचा लाल वळ गालावर तसाच.
आई वळाकडे बघत राहिली.
नानांनी माझी बाही नाकाशी धरली,
डोळे मिटून.
"पंख्याची मोटार," म्हणाले, "बेअरिंग धरलं असणार."
इंजिनिअरचा अहवाल अजून यायचा होता.

मग ताट पुढे ओढून,
माझ्याकडे न बघता:
"खटका कुणी पाडला?"

दोघांनी, मी म्हणाले.
तेच खरं होतं.

नाना "हं" म्हणाले
आणि त्यांनी भाकरी मोडली.