उरलेल्या पट्ट्या

निकाल आम्हांला आधी कळत नाही,
म्हणून सगळीच नावं कोरायची.
सहा बक्षिसं, प्रत्येकात पाच खेळ,
तीस पितळी पट्ट्या, मागे दुहेरी चिकटपट्टी.
मंचामागे कुणीतरी लिफाफा फोडतं,
त्यातली एक अंगठ्यानं चषकावर दाबतं,
आणि चोवीस परत येतात सलमाबादच्या गाळ्यात,
बिस्किटांच्या निळ्या डब्यातून,
खडखडत.

अरबी मला वाचता येत नाही.
आकार ओळखतो, उजवीकडून डावीकडे,
लहानपणी वेंगुर्ल्याच्या बंदरावर
लांबूनच रंगावरून होडी ओळखायचो तसा.
यंदा एका खेळाचं नाव दोनच अक्षरांचं,
डोक्यावर एक टिंब.
यंत्रानं नेमकं तेच गाळलं.

तपासायला आली ती दाना,
बाही शाईनं माखलेली, गळ्यात दोन चष्मे.
मोडक्या हिंदीत म्हणाली,
चाचा, टिंब असलं तर सावली,
टिंब गेलं की दव.
मी म्हटलं, आमच्याकडेही टिंबावरून
मास्तरांनी फोडून काढलंय मला.
ती हसली. मी पट्टी पुन्हा कोरली,
पैसे लावले नाहीत.
चुकलेली खणात टाकली.

संध्याकाळी चषक पोचवायला गेलो
तर दारावरच्या पोरानं माझ्याही गळ्यात कार्ड अडकवलं.
पेडणेकरचं बेडणेकर झालेलं.
इथे प नाही कुणाकडे,
वीस वर्षं झाली, मीही मागत नाही.

बाहेर जानेवारी. मनामातले लोक
खुर्च्या ओढून उन्हात बसलेले.
आत, पडद्यावर, ऑगस्ट.
दुपारचा रस्ता, बंदूक नाही, शत्रू नाही,
फक्त सावलीचा एक तुकडा
आणि तो सरकवायला माझा अंगठा.
थांब्यावर म्हातारी. सायकलवर पाव घेऊन एक पोरगा.
गाडीखालून निघालेली मांजर.
आणि गुडघ्यांवर बसून
रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारा एक माणूस.
सावली ज्याच्यावर जाईल
त्याचे खांदे जरासे खाली येतात.
गुण नाहीत. एवढंच.

मी पट्टेवाल्यावर नेली
आणि तिथेच ठेवली.
मागे रांगेतला मुलगा कुजबुजला,
अंकल, हलवा, म्हातारी पडेल.
हलवली नाही.
पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं,
सितरापर्यंतचे पट्टे.
रंग वाळायच्या आधी चपलेला लागायचा
आणि खोलीभर पांढरी पावलं उमटायची.
म्हातारी पडली.
पडदा काळा झाला, मग पुन्हा सकाळ.
दाना शेजारीच उभी होती.
तिनं काही विचारलं नाही,
फक्त वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला गेलं.
अकरा जणांचा चमू मंचावर चढला,
एकाचा बूट वायरीत अडकला, लोक हसले.
टाळ्या थांबल्यावरही दाना वाजवत राहिली,
दोन-तीन जास्तीच्या.
मी मंचामागे, हातमोजे घालून,
चषकावरचे ठसे पुसायला.

सकाळी डबा आला.
टेकबहादूरनं पट्ट्या मोजल्या, चोवीस.
भंगारवाला किलोनं घेतो, तो म्हणाला.
तेवीस दे, मी म्हटलं.
गाळ्याबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर
साडेदहापर्यंतच सावली असते.
तिच्या पाठीला ती एक चिकटवली, नीट दाबून.
टेकबहादूरनं विचारलं, काय लिहिलंय?
मी म्हटलं, वाचता येत नाही मला.

खणातली दुसरी
अजून तिथेच आहे.
दवाला कुणी नामांकन दिलं नव्हतं,
म्हणून ते हरलेलंही नाही.