बारा वर्षांच्या आतलं

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, दुसरा मजला,
पाटी कन्नडमध्ये आणि इंग्रजीत.
मी दोनदा पुढे गेले.
परशादादा बरोबर दाराशीच थांबलेला.

डॉक्टर हुक्केरी म्हणाल्या होत्या, आई-वडील नसतील तर
लहानपण पाहिलेलं कोणीतरी आणा,
बारा वर्षांच्या आतलं.
म्हणून हा आलाय नंदगडहून,
कौलांची एक खेप बुडवून,
इस्त्रीचा शर्ट घालून,
जणू मला बघायला पाहुणे यायचेत.

फॉर्म कन्नडमध्ये. त्या वाचतात, मराठी करून सांगतात,
शब्द अडला की आम्हीच पुरवतो.
चार रकाने:
कधीच नाही, ओम्मोम्मे, आगाग्गे, यावागलू.

वस्तू हरवायची?
"न्हाई."
काम अर्धवट टाकायची?
"न्हाई हो. हुशार हुती.
चौथीत पयला नंबर."
बोलताना लक्ष दुसरीकडे?
"कुणी सांगितलं तुमास्नी?"

मी टेबलाखालून त्याचा पाय दाबते.
तो पाय मागे घेतो, मान वर करतो,
मास्तरांसमोर उभा राहायचा तसाच,
माझी पाटी फुटली तेव्हा
माझ्या हातनं फुटली म्हणत.

याला कसं सांगू
की इथे कोणी तक्रार घेऊन बसलेलं नाही.
तक्रारी झाल्या सगळ्या.
सोसायटीच्या काउंटरवर तीनदा कॅश कमी आली तेव्हा झाल्या.
'वेंधळी' हा शब्द मी रुखवतातून सासरी नेला,
तिथे तो रोज वापरात राहिला, पितळी तांब्यासारखा.
गेल्या आषाढात एका रात्री
तीन महिन्यांच्या वह्या एका बैठकीत जुळवल्या,
अडीच वाजले, पैसा न् पैसा लागला,
आणि सकाळी लेकीला रिकामा डबा दिला,
झाकण मात्र नीट लावून.

डॉक्टर पेन खाली ठेवतात.
"बरं, हिच्या चपला कोण शोधायचं?"
"मीच की."
"दप्तर?"
"मी भरायचो. रात्रीच. सकाळी हिला कुठलं ध्यान."
"दळण?"
"हिला धाडलं की मागनं मी जायाचो.
डबा गिरणीत, ही भट्टीपाशी,
कौलं मोजत बसलेली.
पण बरोबर मोजायची हां. एक चुकायचं न्हाई."
"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

परशादादा बोलायला जातो.
थांबतो.
खाली गेट पडतं, घंटी वाजत राहते,
गाडी मिरजेकडे की लोंढ्याला?
लोंढ्याला. मालगाडी. नऊ, दहा, अकरा,
बाराव्या डब्यावर खडूनं काहीतरी लिहिलेलं,

म्हणून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.
परत विचारायची लाज वाटली.
एवढंच दिसलं,
डॉक्टरांनी पान मागे उलटलं, पहिल्या प्रश्नापर्यंत,
आणि शेवटच्या रकान्यात खुणा करत
सावकाश खाली येऊ लागल्या.
यावागलू. यावागलू.
तो आपल्या हातांकडे बघत होता.
कौलांचा लाल रंग नखांतून जात नाही त्याच्या.

निकाल पुढच्या गुरुवारी. त्याआधी एक चाचणी,
कॉम्प्युटरवर, बटण दाबायची.

खानापूर रोडला थांब्यावर
तो सवयीनं तोंड उघडतो, पर्स घेतलीस का म्हणायला,
आणि मिटतो.
एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा.
मला ते सहन होत नाही.
"विचार की रे."
"पर्स?"
"आहे."
"छत्री?"

छत्री डॉक्टरांच्या खुर्चीला.
"ऱ्हाऊ दे," तो उठतो,
"मीच इसरलो म्हणून सांगतो."
"बस तू," मी म्हणते, "माझी मी आणते."

गाडी येते, त्याच्यापुढे थांबते, निघून जाते.
तो चढत नाही.
मागनंही येत नाही.