नाव घालणारा

भांडी बाजारात एका पायरीखाली
दोन फुटांच्या जागेत बसून
मी भांड्यांवर नावं घालतो.
तांब्याला हलका हात पुरतो, पितळेला थोडा दम लागतो,
स्टील कुरकुरतं.
जर्मनच्या पातेल्यावर मात्र नाव घालत नाही.
मऊ असतं, ठिपका पसरतो,
दोन वर्षं घासलं की चिंतामणची
नुसती चिंता उरते.

काल रात्री ऋजुताचा फोन आला, ओउलूहून.
तिथे हिवाळ्यात तीनलाच दिवे लावतात म्हणे.
दिवसभर म्हाताऱ्यांची सेवा, मग भाषेचा वर्ग.
"बाबा, आज देशांची नावं होती.
जर्मनीला इथे सक्सा म्हणतात."
मी म्हटलं, का? जर्मनीनं त्यांचं काय घोडं मारलं?

"सॅक्सन नावाचे लोक होते. ह्यांना आधी तेच भेटले.
त्यांच्या कमरेला म्हणे एक सुरा असायचा,
त्या सुऱ्यावरून ते लोक,
आणि लोकांवरून अख्खा देश.
तेच माल घेऊन यायचे,
म्हणून जुन्या बोलीत सक्सा म्हणजे व्यापारीसुद्धा.
आणि कात्रीला सक्सेत. तीही त्याच पात्याची."

बाईंनी मग एकेकाला विचारलं,
तुमच्याकडे काय म्हणतात?
ही म्हणाली, आमच्याकडे जर्मन म्हणजे पातेलं,
दूध तापवायचं.
वर्ग हसला.
युक्रेनची एक बाई तेवढी हसली नाही.
म्हणाली, आमच्या भाषेत त्यांच्या नावात मुका आहे.
आमचं बोलणं त्यांना येईना, म्हणून.

फोन ठेवला आणि झोप गेली.
सुरा, व्यापारी, कात्री, मुका, पातेलं.
एका देशाला एवढं सगळं,
आणि तो आपल्या घरात स्वतःला
काही निराळंच म्हणतो.
नाव आईबाप ठेवतात.
नावं शेजारी ठेवतात.

सकाळी गंगेवर गेलो, रामकुंडापाशी पाय बुडवून बसलो.
आपल्या गावाचं तरी काय?
कुणी सांगतं नऊ शिखरांचं नाशिक.
मोगलांनी गुलशनाबाद करून पाहिलं,
फुलं राहिली, नाव गेलं.
उरलं ते नाक.
ह्या पाण्याच्या पलीकडे, पंचवटीत,
एका बाईचं नाक कापलं गेलं.
तिकडे पात्यावरून देश झाला,
इकडे जखमेवरून गाव.
आणि तिचं नाव? सुपाएवढ्या नखांची.
पाळण्यात कुठली आई असं नाव ठेवील?
ते शेजाऱ्यांचंच काम.

खरं तर ऋजुता शेवटी म्हणाली होती,
"बाबा, इथे ज चा य होतो.
मला सगळे रुयुता म्हणतात."
तू दुरुस्त करत नाहीस?
"आधी करायचे."
मग बराच वेळ नुसता नळाचा आवाज.
मी घातलेल्या नावाचा डबा ती विसळत होती.
"वॉर्डातले एक आजोबा त्यावरून बोट फिरवतात.
त्यांना वाटतं नक्षी आहे."

दुकान उघडलं तर एक बाई थांबलेली,
जर्मनचं पातेलं घेऊन.
मी नेहमीचं सांगितलं:
ह्याच्यावर नको, पसरेल.
ती म्हणाली, "पसरू द्या.
कुणाचं आहे ते मला ठाऊक आहे.
शेजारणीला कळलं म्हणजे झालं."

मी पातेलं उलटं केलं,
बूड काळं होतं, कडेला थोडी जागा होती.
छिन्नी उचलली.
म्हटलं, सांगा.